दहा मुलांच्या शाळेचा निकाल वाचताना

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पाऊल टाकताच दर्शनी भिंतीवर एक फळा दिसतो. इयत्ता, मुले, मुली, एकूण, हजर, गैरहजर असे रकाने त्यावर रंगाने आखलेले असतात आणि रोज सकाळी परिपाठ झाला की त्यांत खडूने आकडे भरले जातात. शहरालगतच्या शाळेत एकूण पटाचा आकडा तीन अंकी असतो. घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीत मात्र पहिलीपुढे २, दुसरीपुढे ०, तिसरीपुढे ३ आणि चौथीपुढे १ असे लिहिलेले आढळते. एकूण पट ६. याच सहा मुलांची माहिती केंद्र, तालुका, जिल्हा अशी चढत शासनाच्या संगणकात जाते आणि तेथे तिचे टक्के होतात. पटातील घट इतके टक्के, मुलींचे प्रमाण इतके टक्के, वाचनात प्रगत विद्यार्थी इतके टक्के. शाळा ठेवायची की शेजारच्या शाळेत विलीन करायची, याची चर्चा या आकड्यांच्या आधारे होते. त्यामुळे इतक्या लहान शाळेचे आकडे काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे शिक्षण खात्याबाहेरच्या माणसानेही समजून घेणे आवश्यक ठरते.

अशा शाळा किती आणि का?

महाराष्ट्रात कमी पटाची शाळा म्हणजे व्यवहारात वीस किंवा त्याहून कमी विद्यार्थ्यांची शाळा. शालेय शिक्षण विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांविषयीचे पत्र काढले, तेव्हा अशा शाळांची संख्या १४ हजार ७८३, त्यांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक २९ हजार ७०७ असल्याचे सांगण्यात आले होते. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा आणि शिक्षकामागे सहा मुले पडतात. राज्यातील सर्व प्रकारच्या शाळा एक लाखाहून थोड्या अधिक आहेत, हे ध्यानात घेतले तर साधारण दर सात शाळांमागे एक शाळा या गटात मोडते. ही केवळ आपल्याच राज्याची स्थिती नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशातील ग्रामीण भागातील निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांत साठपेक्षा कमी मुले आढळली.

या शाळा चुकून उभ्या राहिलेल्या नाहीत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शिक्षणाचा भार त्यांच्याकडे आला आणि मुलाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर शाळा असावी, हे सूत्र धरून वाड्यावस्त्यांवर शाळा निघत गेल्या. २००० सालानंतर वस्तीशाळांची योजना आली. पुढे त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने आणि त्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांनी पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर निश्चित केले. म्हणजे शाळा लहान असणे हा मुळात धोरणाचाच परिणाम होता. सह्याद्रीच्या उतारावरील वाडीत तीसच उंबरे असतील, तर तिथल्या शाळेत दोनशे मुले येणार कुठून?

मात्र जिथे पूर्वी चाळीस मुले होती तिथे आज आठ का, याची कारणे वेगळी आहेत. पहिले कारण सरळ लोकसंख्येचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आढळला, दोन माणसांच्या जागी दोन मुलेही येत नाहीत, असा त्याचा अर्थ. दुसरे कारण स्थलांतराचे. कोकणात ते सर्वाधिक ठळकपणे दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर उतरली. मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला गावी येतो, पण त्याची मुले पटावर येत नाहीत. तिसरे कारण म्हणजे सकाळी वाडीच्या तोंडाशी येऊन थांबणारी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी.

पटावर उरते कोण?

या तिसऱ्या कारणाचा परिणाम केवळ संख्येवर होत नाही, तो शाळेच्या रचनेवरही होतो. गाडीचे भाडे आणि शुल्क परवडणारी घरे आधी बाहेर पडतात. ज्यांच्या हाती दरमहा ठरावीक पैसा येत नाही, ती घरे मागे राहतात. म्हणून कमी पटाच्या शाळेची हजेरी उघडली तर गावाची सरासरी तिच्यात उतरलेली नसते. रायगड, ठाण्यात कातकरी आणि ठाकर, पालघरात वारली, अकोले-जुन्नर भागात महादेव कोळी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारात पावरा आणि भिल्ल, भामरागडात माडिया, पठारावरील वस्त्यांवर धनगर अशा समाजांची मुले या शाळांत मोठ्या प्रमाणावर असतात. यांतील अनेकांच्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला पहिलीचे मराठी पुस्तक ही परकी भाषाच असते; ते पहिले वर्ष अक्षरे शिकण्याआधी भाषा शिकण्यात घालवते. राज्यस्तरीय चाचणी त्या मुलाला आणि पुण्यातील मराठीभाषक मुलाला एकच उतारा वाचायला देते. चाचणीने तसे करू नये असे नाही. परंतु निकालातील फरक शाळेच्या नावावर मांडताना याचे भान हवे.

शासनाच्या यू-डायस प्रणालीत प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातील शाळांचा २७ ने सुरू होणारा. या क्रमांकाखाली मुले-मुली, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग, अल्पसंख्य, दिव्यांग अशी विद्यार्थ्यांची वर्गवारी नोंदली जाते. मोठ्या शाळेत ही वर्गवारी उपयोगी पडते. आठ मुलांच्या शाळेत ती फसवी होते. पाच मुलगे आणि तीन मुली असतील, तर 'मुलींचे प्रमाण ३७.५ टक्के' असा आकडा निघतो आणि मुली शाळेत येत नाहीत अशी शंका घेतली जाते. प्रत्यक्षात त्या वाडीत त्या वयाच्या तीनच मुली असतात आणि तिघीही पटावर असतात. पुढच्या वर्षी एका मुलग्याचे चौथीचे वर्ष संपते, एक मुलगी पहिलीत येते आणि प्रमाण एकदम ५० टक्क्यांवर जाते. कुणी काही सुधारलेले नसते, काही बिघडलेलेही नसते.

पटातील घटीचेही तसेच. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबाची दोन मुले बीडच्या एखाद्या वस्तीवरून साखर कारखान्याच्या फडावर गेली की आठांचा पट सहावर येतो. म्हणजे कागदावर एक चतुर्थांश शाळा रिकामी होते.

चार मुलांचे शंभर टक्के

आता निकालाकडे वळू. प्राथमिक शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक व संकलित गुणांची बेरीज होऊन मुलाला अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी मिळू लागल्या. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाने पायाभूत चाचण्या आणल्या. २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीपर्यंत वाचन व अंकज्ञान यांवर भर दिला. या सर्वांतून प्रत्येक शाळेपुढे एक टक्केवारी उभी राहते आणि टक्केवारी आली की क्रमवारीही येते.

येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. समजा, एका परिसरातील कोणत्याही मुलाने तिसरीअखेर नीट वाचू लागण्याची शक्यता दहात सात अशी आहे. शिक्षक तोच, शिकवणे तेच, मुलांची परिस्थितीही तीच. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर निकाल बहुतेक वर्षी ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहील; तो ५० टक्के किंवा त्याखाली जाण्याचा प्रसंग शंभर वर्षांत एकदाही येणे कठीण. वर्ग चार मुलांचा असेल तर मात्र दर चार वर्षांत सुमारे एकदा निकाल पूर्ण १०० टक्के लागेल आणि दर तीन वर्षांत एकदा तो ५० टक्के किंवा त्याहून कमी असेल. पहिल्या वर्षी त्या शिक्षकाचा तालुक्याला सत्कार होईल, तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे खुलासा मागितला जाईल. दोन्ही वर्षी त्याने सारखेच शिकवलेले असेल.

हा कल्पनेचा खेळ नाही. अमेरिकेतील हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वर्लिंग या अभ्यासकांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १ हजार ६६२ शाळांचे वाचनाचे निकाल तपासले. त्या काळात तेथे लहान शाळा उत्तम असतात, असा समज बळावला होता आणि त्यासाठी मोठ्या देणग्याही दिल्या जात होत्या. सर्वांत वरच्या पन्नास शाळांत सर्वांत लहान पन्नास शाळांपैकी सहा होत्या. योगायोगाने यायला हव्यात त्याच्या चौपट. इथवर समज खरा वाटतो. परंतु त्यांनी यादीचा तळही पाहिला. सर्वांत खालच्या पन्नासांत लहान शाळा नऊ होत्या. लहान शाळा चांगल्याही नव्हत्या आणि वाईटही नव्हत्या. त्यांचे आकडे फक्त अधिक हेलकावे खात होते. आपल्याकडे उलट दिशेने तीच चूक होते. यादीच्या तळाशी कमी पटाच्या शाळा दिसल्या की 'पट कमी म्हणून गुणवत्ता कमी' असा निष्कर्ष निघतो आणि यादीच्या वरच्या टोकाला असलेल्या तेवढ्याच लहान शाळांकडे कुणाचे लक्ष जात नाही.

शैक्षणिक पाहणी करणाऱ्या संस्था हे ओळखून असतात. 'असर'चे कार्यकर्ते प्रत्येक जिल्ह्यातील तीस गावांत, गावागणिक वीस घरी जाऊन मुलांना एकेकटे वाचायला लावतात. पण अहवालात एखाद्या गावाची टक्केवारी दिली जात नाही. वीस घरांवरून गावाविषयी निवाडा करता येत नाही, हे त्यांना मान्य आहे. मग सहा मुलांवरून शाळेचा निवाडा कसा करता येईल?

दुसरी अडचण खासगीपणाची आहे आणि आपल्याकडे तिची चर्चा फारशी होत नाही. तिसरीत अनुसूचित जमातीची एकच मुलगी असेल, तर 'तिसरी, अनुसूचित जमाती, वाचन : शून्य टक्के' ही ओळ त्या मुलीचे प्रगतिपुस्तकच होय. नाव न छापताही सगळ्या गावाला ते नाव कळते. अमेरिकेत २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा झाला आणि वंश, उत्पन्न, अपंगत्व अशा गटांनुसार निकाल जाहीर करणे शाळांवर बंधनकारक झाले. तेव्हाच, गट ठरावीक संख्येपेक्षा लहान असेल तर त्याचा आकडा उघड करायचा नाही, असा किमान मर्यादेचा नियमही राज्यांना ठरवावा लागला.

वीसचा उंबरठा

एखाद्या आकड्यावर शाळेचे अस्तित्व आणि शिक्षकाचे पद अवलंबून ठेवले की तो आकडा निर्मळ राहत नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर झालेल्या पटपडताळणीत सुमारे वीस लाख मुले पटावर असूनही प्रत्यक्ष हजर आढळली नव्हती. तो फुगवटा प्रामुख्याने मोठ्या पटाचा होता. लहान वाडीत नसलेले मूल दाखवणे अवघड. सगळे एकमेकांना ओळखतात. तेथे उलट प्रकार घडतो. असलेले मूल मोजले जात नाही. संचमान्यतेसाठी आधार क्रमांकाची पडताळणी आवश्यक झाल्यापासून ज्या मुलाचे आधार निघालेले नाही किंवा ज्याच्या नावात, जन्मतारखेत तफावत आहे, ते रोज वर्गात बसूनही मान्य पटात येत नाही. जन्मदाखल्यापासून अडचण असलेल्या कातकरी वस्तीवर असे एखादे मूल हमखास असते. एकवीस आणि एकोणीस यांत फरक करणारी ही दोन मुले.

धोरणेही या उंबरठ्याभोवती फिरत राहिली आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये दहाहून कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत सामावण्याचा निर्णय जाहीर झाला. विरोधानंतर त्यांतील सर्वच शाळा प्रत्यक्षात बंद झाल्या नाहीत. २०२३ मध्ये नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांच्या धर्तीवर समूह शाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले. २०२४ मध्ये अशा शाळांतील एक पद कंत्राटी पद्धतीने भरण्याचे ठरले आणि पुढच्या वर्षी तो निर्णय मागे घेण्यात आला.

समूह शाळेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावे लागतात. सहा मुलांनाही दोनच. त्यांतला एक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा माहिती भरायला गेला की दुसरा चार इयत्ता एकत्र घेऊन बसतो. वर्गात एकच मूल असले की त्याला वाद घालायला, चूक दाखवायला, स्पर्धा करायला सोबती नसतो. कबड्डीचा संघ होत नाही. २०२३ मध्ये वाशीम जिल्ह्यातील एका गावात एकाच विद्यार्थ्यासाठी शाळा भरत असल्याच्या बातमीचे देशभर कौतुक झाले. कौतुक शिक्षकाच्या निष्ठेचे होते आणि ते योग्यच होते. परंतु त्या मुलाला मधल्या सुट्टीत खेळायला कोण, हा प्रश्न उरतोच.

पण दुसऱ्या पारड्यात अंतर आहे. पावसाळ्यात ओढा भरला की तीन किलोमीटरचे बारा होतात. वाहतूक भत्ता मिळतो, वाहन मिळेलच असे नाही. सहा वर्षांच्या मुलाला आणि अकरा वर्षांच्या मुलीला दूर पाठवताना घर दोन वेगवेगळी भये बाळगते आणि दुसरे भय सहसा निर्णायक ठरते. विलीनीकरणानंतर नव्या शाळेच्या पटावर किती नावे चढली, हे कळवले जाते. त्यांतील किती मुले सहा महिन्यांनी तेथे जात होती, हा आकडा शाळाबंदीच्या हिशेबात सर्वांत महत्त्वाचा आहे.

मग पाहायचे काय?

एका वर्षाचा, एका वर्गाचा टक्का बाजूला ठेवावा. तीन ते पाच वर्षांतील मुले एकत्र धरली तर बारा-वीस मुलांचा गट होतो. तोही लहानच, पण त्यावरून काही बोलता येते. टक्क्यांऐवजी सरळ संख्या लिहावी : 'चारपैकी तीन'. 'पंचाहत्तर टक्के' या शब्दांत जो खोटा भारदस्तपणा आहे, तो 'चारपैकी तीन' म्हटल्यावर गळून पडतो आणि चौथे मूल कोणते, असे विचारावेसे वाटते. त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला नेहमी ठाऊक असते. इतक्या लहान शाळेचे तेच तर बलस्थान आहे.

सर्वांत विश्वासार्ह मोजमाप मात्र शाळेच्या कपाटातच असते. चौथीपर्यंतच्या शाळेचा खरा निकाल चौथीनंतर लागतो. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथीऐवजी पाचवीला गेली. ती पुन्हा चौथीला आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. पण दरम्यानच्या वर्षांत चौथीपर्यंतच्या शाळांनी घडवलेली मुले दुसऱ्याच शाळेच्या यादीत झळकली. म्हणून जनरल रजिस्टर काढावे, गेल्या दहा वर्षांत दाखला घेऊन गेलेली वीस-पंचवीस नावे घ्यावीत आणि त्यांपैकी किती पाचवीत बसली, किती आठवीपर्यंत टिकली, किती दहावीला पोहोचली, हे शोधावे. वाडी लहान असल्याने एका दुपारीत, पारावर बसून हे काम होते. संगणकाला हे उत्तर सहज देता येत नाही.

तारखेकडेही पाहावे. यू-डायसची माहिती ३० सप्टेंबर या संदर्भदिनाची असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आणि वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे गाव सोडतात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात, काहींच्या हाती शिक्षण हमी पत्रक असते, उरलेली फडावर जातात. ती परततात तेव्हा दुसऱ्या सत्राची संकलित चाचणी तोंडावर आलेली असते. पट सप्टेंबरचा आणि निकाल एप्रिलचा, अशी दोन वेगवेगळ्या शाळांची माहिती एकाच कागदावर शेजारी शेजारी छापली जाते.

आणि पट वाढला तर? पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२२ मध्ये तीन विद्यार्थ्यांवर येऊन बंद पडण्याच्या बेतात होती. काही वर्षांत तिचा पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये 'टी-फोर एज्युकेशन' या संस्थेच्या जागतिक शाळा पुरस्कारांत तिला लोकपसंतीचा मान मिळाला. यश निर्विवाद आहे. मात्र तीन मुलांची वाडी तीन वर्षांत शंभर मुलांची होत नाही. पट असा वाढतो तेव्हा मुले बाहेरून आलेली असतात आणि दूरवरून मुलाला मुद्दाम आणून सोडणारे पालक हा वेगळा वर्ग असतो. अशा कोणत्याही शाळेचा आधीचा आणि नंतरचा निकाल शेजारी ठेवला तर ती तुलना दोन निराळ्या मुलांच्या गटांची होते. मूळ वाडीतील मुले त्या टक्केवारीत वेगळी दिसत नाहीत. त्यांना शोधायचे तर जनरल रजिस्टरच उघडावे लागते.